तिरकी दुहेरी रेघ

त्या कागदावर माझी बहीण तिच्याच सख्ख्या भावाची बायको झाली होती.

कागद लातूरच्या एका तपासणी केंद्रातून आला होता. जाड, गुळगुळीत, वर रंगीत शिक्का. माझ्या भाचीने तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून एसटीने अहमदपूरला घरी आणला आणि बैठकीत सतरंजीवर सगळ्यांच्या मधोमध ठेवला. सगळे जमले होते ते तिच्याच लग्नाची तारीख काढायला. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो. तिचे वडील. माझा धाकटा भाऊ, ज्याच्याशी तिचं लग्न ठरत होतं. आणि नांदेडहून आलेली मी. भाची म्हणाली, "छोट्या मामानं आधी रक्त तपासावं. मग तारीख काढा." एवढं बोलण्यासाठी तिने किती धीर गोळा केला असेल ते तिच्या आवाजावरूनच कळत होतं.

आमची नाती परक्या माणसाला एकदम कळत नाहीत, म्हणून आधी ती सांगते. आमचं गाव देगलूरकडचं, तेलंगणाच्या हद्दीला टेकलेलं. आमच्या घराण्यात बहिणीच्या मुलीवर पहिला हक्क तिच्या मामाचा. मामाने नको म्हटल्याशिवाय ती दुसरीकडे देत नाहीत. अक्काचं लग्न असंच झालं, आमच्या मायच्या धाकट्या भावाशी. म्हणजे अक्काचा नवरा माझा मामाही आहे आणि दाजीही. मी त्यांना मामाच म्हणते, कारण दाजी व्हायच्या आधी ते मला खांद्यावर बसवून जत्रेला नेत असत. आता अक्काची मुलगी आमच्या धाकट्याला द्यायची होती. तोही तिचा मामाच.

मुलगी परक्या घरात जात नाही, सासू म्हणून आजीच मिळते, सासुरवास नाही, असं या चालीचं कौतुक मी लहानपणापासून ऐकत आले. मलाही ते खरं वाटायचं. मग अक्काला मुलगा झाला आणि तो वर्षाचा व्हायच्या आत पांढरा पडायला लागला. थॅलेसेमिया. अंगात रक्तच नीट तयार होत नाही, दर काही आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त चढवायचं, आयुष्यभर. अक्काच्या रक्तात त्या दोषाचा अर्धा वाटा होता, मामांच्या रक्तातही होता, दोघंही वरून ठणठणीत. पोराला दोन्ही अर्धे वाटे मिळाले. तो माझ्याकडे नांदेडला येऊन रक्त घ्यायचा. एका हाताला सुई आणि दुसऱ्या हातात अर्धापूरची केळी, आणि बाटली संपेपर्यंत अखंड बडबड. तो गेला तेव्हा त्याला अजून मिसरूडही फुटलं नव्हतं.

भाची त्याची सख्खी बहीण. लातूरला नर्सिंग शिकते. तिने तिथेच स्वतःचं रक्त तपासून घेतलं आणि अर्धा वाटा तिच्याकडे आहे हे तिला कळलं. आता धाकट्याकडेही तो असला तर त्यांच्या प्रत्येक मुलाला चारात एक धोका. आणि धाकट्याने सुईजवळ जायला नकार दिला होता.

"मला काय रोग हाय का?" तो म्हणायचा. "शेतात दिवसभर राबून राहिलो. बघ की दंड."

दंडाचा इथे काही संबंध नाही, हे मी त्याला सांगून सांगून थकले. त्याची खरी भीती वेगळी होती. त्याच्या रक्तात काही निघालं आणि ते बाहेर पडलं, तर पुढे कुणी मुलगी देणार नाही. आमच्याकडे बायकांचं रक्त कितीही तपासा, कुणाची हरकत नसते. पुरुषाच्या दंडाला सुई लागली की खानदानाची अब्रू जाते. मला या गोष्टीची इतकी चीड आहे की ती लिहितानाही माझी लेखणी कागदात रुतते आहे.

तर तो कागद. त्यावर आमच्या घराण्याची आकृती होती. ही आकृती म्हणजे माझं रोजचं काम. नांदेडच्या एका रुग्णालयात, जिथे अशा मुलांना रक्त चढवतात, तिथे मी समुपदेशक आहे. येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची अशी आकृती मी काढते. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. आजार असला तर आकार पूर्ण काळा, दोषाचा अर्धा वाटा असला तर अर्धा काळा. माणूस गेलेला असला तर आकारावरून एक काट. नवराबायकोंच्या मध्ये आडवी रेघ, आणि ते आधीच रक्ताच्या नात्यातले असले तर दुहेरी रेघ. प्रत्येक पिढी आपापल्या ओळीत. शाळा न पाहिलेली बाईसुद्धा एकदा समजावलं की बोट फिरवत आपलं घर ओळखते.

ही चिन्हं टाइप करायला एक फॉन्ट आहे. जगभरच्या लोकांनी मिळून केलेला, ओपन सोर्स, म्हणजे कुणीही घ्यावा, वापरावा, काही कमी वाटलं तर भर घालावी. एक कळ दाबली की चौकोन, दुसरी दाबली की गोल, बरोबरचं चिन्ह दाबलं की दुहेरी रेघ. मी तो आमच्या विभागात आणला तेव्हा अगदी हरखून गेले होते. पण त्यात दुहेरी रेघ फक्त आडवी होती. एकाच ओळीतल्या दोघांना जोडणारी. मामा वरच्या पिढीतला आणि भाची खालच्या. त्यांना जोडायला रेघ तिरकी हवी, आणि तिरकी रेघ त्या फॉन्टमध्ये नव्हतीच. मी प्रिंट काढून पट्टीने आणि काळ्या पेनाने ती मारत असे.

लातूरच्या केंद्राने तेवढेही कष्ट घेतले नव्हते. त्यांनी मामांना सरळ एक पिढी खाली ओढलं आणि अक्काच्या शेजारी बसवलं. अक्काच्या ओळीत कोण? मी, धाकटा, अक्का, आमच्या मायची लेकरं. त्या ओळीत आता मामाही. खाली इंग्रजीत मुंगीएवढी तळटीप, की हा चौकोन प्रत्यक्षात वरच्या पिढीतला समजावा.

मामांनी चष्मा लावला. मार्केट यार्डात आयुष्य गेलेला माणूस, कागद समोर आला की बोट लावून वाचणारा. बोट मायच्या गोलावर ठेवलं, ते तिथून खाली आलं, अक्काकडे गेलं, शेजारच्या चौकोनावर थांबलं.

"ह्यो कोण?"

"तुम्हीच, बाबा," भाची म्हणाली.

मामांचं बोट परत वर गेलं, परत खाली आलं. "म्हंजे मला माझ्या बहिणीच्या पोटी घातलंय? अन् ही," त्यांनी अक्काकडे पाहिलं, "ही माझी सख्खी बहीण? अन् बायको बी?"

मग धाकटा हसला. त्याला हवंच होतं ते सापडलं होतं. "ज्यांना मामा-भाची कळंना, त्यांना रक्त काय कळून राहिलंय! कोणाचं रक्त कोणाच्या नावावर घातलं असंल, देवाला ठाऊक."

भाचीने तळटीप दाखवली. इंग्रजी. तिने मराठीत सांगितलं. कुणी ऐकेना. अक्का तर संतापाने लाल झाली होती, तिच्या संसाराला पाप लावलंय म्हणून. मी मध्ये पडले तर मामा मलाच म्हणाले, "तू बी हेच काम करून राहिलीस ना गं नांदेडला? असंच लावती का लोकायची लग्नं?" तो कागद चहाच्या किटलीखाली गेला आणि त्यावर काळा गोल उमटला. वैशाखातली तारीख निघाली. भाची माझ्याकडे बघत होती आणि मला तिच्याकडे बघवेना.

परतीच्या एसटीत मी खिडकीची दांडी घट्ट धरून बसले होते. मला नक्की कुणाचा राग आला होता ते मला वेगळं करता येईना. धाकट्याचा होताच. पण त्याच्या हातात ते हसू दिलं कुणी? एका न काढलेल्या रेघेने.

दुसऱ्या दिवशी मी लातूरच्या केंद्राला फोन केला. पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, "मॅडम, फॉन्टमध्ये तसं येतच नाही. आम्ही तळटीप दिली आहे ना." मी म्हटलं, तुमच्या तळटिपेने इथे एका मुलीचं आयुष्य चाललंय. आवाज म्हणाला, हवं तर पुन्हा प्रिंट देऊ. तेच पुन्हा. मी फोन आपटला.

मग मी ठरवलं की रेघ आपणच काढायची. सांगायला सोपं आहे. फॉन्ट तयार करायचा फुकटचा प्रोग्राम उतरवून घेतला आणि दवाखान्यातलं काम आटोपलं की दुपारी उरलेल्या वेळात त्याच्याशी झटायला लागले. मला वाटलं होतं, आडवी रेघ घ्यायची आणि फिरवायची. फिरवली तर ती वरच्या चौकोनाला शिवेना. ताणली तर बारीक झाली, शेजारच्या आडव्या रेघेपुढे उपाशी दिसायला लागली. जाड केली तर दोन रेघांमधली फट भरून ती एकच होऊन बसली. उजवीकडे उतरणारी वेगळी, डावीकडे उतरणारी वेगळी, कारण मामा कुठल्या बाजूला बसेल ते घराण्यावर अवलंबून. पडद्यावर सगळं जुळलं असं वाटावं आणि झेरॉक्सवाल्याच्या मशीनवर काढलं की जोडाशी केसाएवढी पांढरी फट. लग्नाच्या रेघेत फट! मामांनी ती बघितली असती तर आता घटस्फोटही झाला म्हणाले असते. मी प्रत्येक रेघेची टोकं जराशी आत घुसवली, तेव्हा ती फट गेली.

ज्या दिवशी पहिल्यांदा वरचा चौकोन आणि खालचा गोल त्या तिरक्या दुहेरी रेघेने नीट जोडले गेले, त्या दिवशी मला खरोखर आनंद झाला. मी आमच्या परिचारिकेला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "अगं, हे तर आमच्या सासूबाईचं." तिला समजावून सांगायची गरजच पडली नाही.

मग मी ती रेघ फॉन्टच्या राखणदारांकडे पाठवली. या कामाची रीत अशी, की आपण केलेला बदल त्यांच्यासमोर ठेवायचा, कारण लिहायचं, मग ते तपासतात आणि पटलं तर मूळ फॉन्टमध्ये घेतात. कुणाला पगार नाही, सगळे आपापल्या हौसेने करणारे, त्यांच्याबद्दल मला आदरच होता. मी नम्रपणे लिहिलं, आमच्या भागात मामा-भाचीची लग्नं होतात, ती दाखवायला ही रेघ लागते.

उत्तर आलं तेव्हा माझ्या टेबलासमोर एक जोडपं बसलं होतं. कंधारकडचं, मांडीवर पांढरंफटक लेकरू. मी त्यांची आकृती काढत होते आणि पडद्याच्या कोपऱ्यात ते उत्तर उमटलं. आभार, काम सुबक आहे, वगैरे. आणि मग, हा नातेसंबंध अत्यंत दुर्मिळ आहे. इतक्या दुर्मिळ प्रकरणासाठी वेगळी चिन्हं घेतली तर फॉन्ट विनाकारण फुगेल. सोयीसाठी मामाला एक पिढी खाली घ्यावं आणि तळटीप द्यावी.

मी समोर बघितलं. नवरा बायकोला म्हणत होता, "पाणी पी गं." ती त्याच्या थोरल्या बहिणीची मुलगी होती. ते दोघं म्हणजे दुर्मिळ प्रकरण. त्या आधीचं जोडपंही दुर्मिळ प्रकरण होतं, आणि बाहेर बाकावर आणखी एक दुर्मिळ प्रकरण नंबर लावून बसलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुम्ही कुठल्या खुर्चीत बसून आमच्या घरांना दुर्मिळ म्हणता? ती तळटीप द्या म्हणणारे तुम्हीच का ते? तुमच्याच या सल्ल्याने माझी बहीण तिच्या भावाची बायको झाली!

असं सगळं मी टाइप केलं. मग खोडलं आणि सभ्य भाषेत लिहिलं. पिढी बदलली की अर्थच बदलतो, वाचणारा माणूस अपमान समजून कागदच नाकारतो, असं लिहिलं. त्यावर त्यांनी पुरावा मागितला. अशी रेघ वापरलेला एखादा छापील शोधनिबंध दाखवा. म्हणजे माझ्यासमोर खुर्चीत बसलेली माणसं पुरावा नव्हती. ती आधी कुणीतरी इंग्रजीत छापायला हवी होती. आणि छापणाऱ्यांकडे चिन्ह नसलं की ते मामाला खाली ओढणार, मग छापील पुरावा कुठून यायचा? रुग्णांच्या खऱ्या आकृत्या मी कुणाला दाखवू शकत नव्हते आणि तसं करणारही नाही. मी खोटी, कल्पित घराणी रचून आकृत्या काढून पाठवल्या. त्यांचं म्हणणं, हे उदाहरण झालं, वापर नव्हे.

चर्चा लांबत गेली. रेघेचा कोन किती असावा यावर एकाने पानभर लिहिलं. दुसऱ्याने कळ कुठली द्यावी यावर हरकत घेतली. मूळ मुद्द्यावर सगळे गप्प. इकडे अक्काने बस्ता बांधायला घेतला होता. घरातल्या बायका भाचीची थट्टा करत होत्या, आता त्याला मामा म्हणू नको गं, काय म्हणशील सांग. ती फोनवर मला म्हणाली, "मावशी, मला त्याला दुसरं काहीच म्हणता येईना." धाकटा वाईट नाही. त्याने तिला सायकल शिकवली होती. याचाच तर मला जास्त राग यायचा, की एवढा जीव लावणारा माणूस तिच्यासाठी एक सुई टोचून घेत नाही.

शेवटी मी त्यांच्या होकाराची वाट बघणं सोडलं. ओपन सोर्सचा परवाना सांगतो, की वेगळ्या नावाने आपली प्रत काढा आणि वापरा. मी काढली. त्यात आमची रेघ घातली आणि आमच्या घराण्याची आकृती नव्याने टाइप केली. मामा वरच्या ओळीत, मायच्या शेजारी, तिचा भाऊ म्हणून. तिथून तिरकी दुहेरी रेघ खाली अक्कापर्यंत. तिथून खाली त्यांची दोन लेकरं, भाचीचा अर्धा काळा गोल आणि पोराचा पूर्ण काळा चौकोन. धाकटा अक्काच्या ओळीत, पांढरा, आत प्रश्नचिन्ह. त्याच्यापासून भाचीपर्यंत दुसरी तिरकी दुहेरी रेघ. आणि त्या दोघांच्या खाली मी एक चौकटचा आकार काढला, पत्त्यातल्या चौकटसारखा. मुलगा का मुलगी ते ठाऊक नसलं की तो काढतात.

अहमदपूरला पोहोचले तेव्हा अक्काकडे पापड वाळत होते. मी कुणाला काही न विचारता कागद सतरंजीवर ठेवला. मामांनी चष्मा लावला. बोट मायवर, मग तिच्या शेजारच्या चौकोनावर. "ह्यो मी." मग बोट रेघेवरून तिरकं उतरत अक्कापर्यंत आलं. कुणी हसलं नाही.

"हां," मामा म्हणाले. "आता बरोबर हाय."

एवढंच. या तीन शब्दांसाठी इतके महिने गेले होते. मला रडू यायचं ते रागच आला.

मामांचं बोट आणखी खाली गेलं आणि काळ्या चौकोनावर थांबलं. तिथे ते बराच वेळ राहिलं. अक्का पुढे वाकली.

"ह्याच्यावर काट का मारली?"

"गेलेल्या माणसावर मारतात, अक्का. मायवर बी हाय बघ."

तिने मायकडे पाहिलंसुद्धा नाही. "माझ्या लेकराला काट मारून आणलीस व्हय?" ती म्हणाली आणि उठून आत गेली. आतून भांडी आपटल्याचे आवाज येत राहिले.

धाकटा भिंतीला टेकून उभा होता. तो कागदाजवळ येऊन बसला. स्वतःचा चौकोन त्याला लगेच सापडला. रेघेवरून भाचीपर्यंत आला, तिथून खाली.

"अन् हे कोण?"

"ते अजून न्हाई," मी म्हटलं. "तेच तर म्हणून राहिले मी. ते काळं असंल का पांढरं, ते तुझ्या सुईवर हाय."

त्याने वरच्या काळ्या चौकोनाकडे पाहिलं, काटेकडे पाहिलं. बाटली चढत असताना त्या पोराचा पाय दाबत तोच बसायचा. दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर नांदेडला आला. सुई टोचताना त्याने तोंड फिरवलं.

धाकट्याच्या रक्तात अर्धा वाटा निघाला. गरोदरपणी तपासण्या करता येतात, मार्ग आहेत, हे मी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं, माझ्या कामात सांगते तसंच, जास्त नाही आणि कमी नाही. भाचीने ऐकून घेतलं आणि नको म्हणाली. धाकट्यानेही मान डोलावली. लग्न मोडलं. अक्काने माझ्याशी बोलणं टाकलं. तिच्या लेखी मी तिच्या मुलीचं लग्न मोडलं, तिच्या भावाच्या रक्ताला डाग लावला आणि तिच्या पोराला काट मारली. मामा फोन उचलतात, "हां, बरं हाय," म्हणतात आणि ठेवतात. मी काय चुकीचं केलं ते कुणी मला सांगावं. मी भांडायला तयार आहे, पण समोर कुणी येतच नाही.

गंमत अशी, की यानंतर राखणदारांनी रेघ घेतली. तमिळ मुलखातल्या कुणीतरी त्या चर्चेत एक ओळ लिहिली होती, आमच्याकडेही हीच लागते. मग तशाच आणखी काही ओळी आल्या. तेव्हा कुठे आम्ही दुर्मिळ राहिलो नाही. त्यांनी अभिनंदन केलं आणि या चिन्हाच्या माहितीसाठी एक नमुना आकृती मागितली. मी खोट्या घराण्याची पाठवून दिली. आभार मानायचे ते मानले, पण माझा राग काही गेला नाही. तो रेघ मिळाल्याने जाण्यातला नव्हता.

त्यानंतर एका रविवारी भाची नांदेडला माझ्याकडे आली. तिला ती कळांची करामत शिकायची होती, पुढे दवाखान्यात उपयोगी पडेल म्हणून. मी आमच्याच घराण्याची फाइल उघडून दिली. तिने आधी धाकट्याच्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह काढून तो अर्धा काळा केला. मग कर्सर त्याच्यापासून तिच्यापर्यंत येणाऱ्या तिरक्या रेघेवर नेला आणि ती पुसली. खालचा चौकटचा आकार पुसला. मी ज्या रेघेसाठी जगाशी भांडले, ती तिने एक कळ दाबून घालवली, आणि मला बरं वाटलं. ती तिथे येऊ नये म्हणूनच तर ती काढावी लागली होती.

मग ती तिच्या भावाच्या चौकोनाशी थांबली.

"मावशी, ह्याची काट काढता येती का गं? आईला द्यायचा हाय एक कागद. ती मागत न्हाई, पण देव्हाऱ्यापाशी ठेवंल."

काट काढली तर आकृती चुकते. मेलेला माणूस जिवंत दिसतो. माझ्या विभागात कुणी असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. चिन्ह जसं असायला हवं तसंच असायला हवं, हेच तर मी सगळ्या जगाला ओरडून सांगत आले होते.

मी काट काढली. चौकोन नुसता काळा राहिला, त्याच्या बहिणीशेजारी. प्रिंट काढून मी तो भाचीच्या हातात दिला. नियमात हे बसत नाही, हे मला कुणी शिकवू नये. आणि कुणी विचारलंच, तर मी सांगणार आहे की हे एक अत्यंत दुर्मिळ प्रकरण आहे.